मावळात दोन दिवसांचं तत्त्वचिंतन शिबिर: पहिल्यांदा भरवणाऱ्यांसाठी

शुक्रवारी रात्री पोहोचायचं, रविवारी दुपारी जेवून निघायचं आणि मधल्या वेळात दहा-बारा जणांनी एकाच प्रश्नावर मिळून विचार करायचा, असं या शिबिराचं स्वरूप आहे. तत्त्वज्ञानाची पदवी कुणाकडेच नसली तरी चालतं. वाचनमंडळ, ग्रंथालयाचा गट, निवृत्त शिक्षक, महाविद्यालयातले जुने मित्र, कुणालाही हे जमण्यासारखं आहे.

अशी शिबिरं जागा वाईट निघाली म्हणून क्वचितच फसतात. ती फसतात कार्यक्रम खच्चून भरल्यामुळे. पहाटे योगासनं, मग किल्ला, मग दोन व्याख्यानं, संध्याकाळी शेकोटी आणि गाणी असा बेत आखला की विचार करायला वेळच उरत नाही. पुढची सगळी मांडणी म्हणूनच एका गोष्टीभोवती केली आहे: प्रश्न एकच ठेवा आणि त्याला पुरेसा वेळ द्या.

उदाहरणासाठी पवन मावळ घेतलं आहे, म्हणजे कामशेत ते पवनानगर हा पट्टा. पुणे आणि मुंबई दोन्हीकडून रेल्वेने गाठता येतो, आणि बेडसे लेणी जवळ आहेत. तुमचा गट वाईला, आंबोलीला किंवा गोव्यात काणकोणला जमणार असेल तरी क्रम हाच राहील.

1. आधी प्रश्न ठरवा, जागा नंतर

प्रश्न किमान महिनाभर आधी ठरलेला हवा. चांगल्या प्रश्नाची कसोटी तीन गोष्टींवर लावा.

पहिली, तो विचार करून सुटण्याजोगा हवा. ‘मोबाइलचा मुलांच्या झोपेवर काय परिणाम होतो?’ हा महत्त्वाचा प्रश्न आहे, पण त्याला पाहणी आणि आकडे लागतात. बारा जणांनी झाडाखाली बसून तो सुटत नाही, नुसती मतं गोळा होतात.

दुसरी, प्रत्येकाच्या आयुष्यात त्याचा एखादा तरी प्रसंग घडलेला हवा. ‘देव आहे का?’ किंवा ‘मृत्यूनंतर काय?’ हे प्रश्न इथेच गळतात. त्यांवर बोलताना माणसं स्वतःचं सोडून ऐकलेलं बोलू लागतात.

तिसरी, उत्तरात ‘हो’ आणि ‘नाही’ दोन्हींना जागा हवी. ‘खरं बोलावं का?’ हा प्रश्न पाच मिनिटांत संपतो. ‘खरं न सांगणं कधी योग्य असतं?’ हा दोन दिवस पुरतो.

सुरुवातीला घेण्यासारखे काही प्रश्न: दिलेला शब्द मोडणं कधी योग्य असतं? पुरेसं म्हणजे किती? मदत नाकारणं कधी योग्य ठरतं? आपण दुसऱ्याला समजून घेतलं हे कशावरून ठरतं? दहा वर्षांपूर्वीच्या माझ्या चुकीला आजचा मी जबाबदार आहे का?

सापळा: गटात मतदान घेऊन दोन प्रश्न निवडणं. ‘शनिवारी एक, रविवारी एक’ असं ठरलं की दोन्ही अर्धवट राहतात. संचालकाने एकच प्रश्न निवडावा आणि तो आमंत्रणातच छापावा. ज्याला तो भावणार नाही तो येणार नाही, आणि ते बरंच आहे.

2. माणसं: आठ ते बारा, त्याहून जास्त नकोत

हिशोब सरळ आहे. नव्वद मिनिटांच्या सत्रात बारा जण असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेसात मिनिटं येतात. वीस असतील तर साडेचार. त्यातही चार बोलके लोक निम्मा वेळ घेतात, म्हणजे उरलेल्या सोळा जणांना जेमतेम पावणेतीन मिनिटं मिळतात. आठपेक्षा कमी असले तर प्रसंगांचं वैविध्य कमी पडतं. बारापेक्षा जास्त नावं आली तर पुढच्या महिन्यात दुसरं शिबिर घ्या.

सहभागींशिवाय दोघे हवेत. एक संचालक, जो सत्रं चालवतो. दुसरा व्यवस्थापक, जो गॅस, पाणी, गाडी, औषधं बघतो. ही दोन्ही कामं एकाच माणसाने करू नयेत. सत्र ऐन रंगात असताना ‘भाकऱ्या किती टाकू?’ म्हणून हाक आली की संचालकाचं लक्ष उडतं, आणि तुटलेला धागा पुन्हा सापडेलच असं नाही.

आमंत्रणात तीन गोष्टी स्पष्ट लिहा: पूर्ण वेळ थांबावं लागेल, दिवसातला काही वेळ मौन असेल, मद्य चालणार नाही. ‘शनिवारी दुपारी येऊन मिळतो’ म्हणणाऱ्याला नम्रपणे पुढच्या वेळी बोलवा. सकाळची चर्चा चुकलेल्या माणसाला सगळं पुन्हा समजावण्यात बाकीच्यांचा तास जातो.

एकाच कार्यालयातले वरिष्ठ आणि कनिष्ठ एकत्र येणार असतील तर आधी दोघांशी वेगवेगळं बोलून घ्या. वरिष्ठासमोर कनिष्ठ मोकळं बोलत नाही, हे गृहीतच धरा.

3. तारीख आणि जागा

मावळात नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारी हा सर्वांत चांगला काळ. हवा कोरडी, चालायला सुखाची. डिसेंबर-जानेवारीत पहाटे कडाक्याची थंडी पडते, ब्लँकेटं मोजून घ्या. जून ते सप्टेंबर दऱ्या सुंदर दिसतात, पण पत्र्यावरच्या पावसात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, वाटा निसरड्या होतात, आणि जिल्हा प्रशासन धबधबे व धरणपरिसरात बंदीचे आदेश काढतं. एप्रिल-मे मध्ये पाण्याची चणचण आणि दुपारची काहिली.

दिवाळीनंतरचा पहिला आठवडा, नाताळ ते नववर्ष आणि लागून सुट्ट्या आलेले शनिवार-रविवार टाळा.

आता सर्वांत मोठा सापळा. पवना धरणाच्या काठी तंबूंची गर्दी आहे, आणि शनिवारी रात्री तिथे उशिरापर्यंत ध्वनिवर्धक वाजतात. छायाचित्रात तळं, धुकं, नारिंगी तंबू दिसतात. आवाज दिसत नाही. पाणी दिसणारी जागा हवी हा हट्ट सोडा. काठापासून दोन-तीन किलोमीटर आत, गावाच्या वरच्या अंगाला एखादं शेतघर किंवा कृषी पर्यटन केंद्र शोधा. नक्की करण्याआधी एखाद्या शनिवारी रात्री दहा वाजता स्वतः तिथे उभे राहून या. सोमवारी सकाळी पाहिलेल्या जागेवरून काहीच कळत नाही.

जागा बघताना हे तपासा:

- पंधरा जण गोल बसू शकतील अशी एक बंदिस्त खोली. उघड्यावर वाऱ्याने आवाज उडतो, कागद उडतात. झाडाखालची बैठक दोघा-तिघांना ठीक, बारा जणांना नाही.
- चौदा माणसांना किमान तीन शौचालयं. दोनच असतील तर सकाळचं पहिलं सत्र हमखास अर्धा तास उशिरा सुरू होतं.
- पाठीला टेकू असलेल्या पाच-सहा खुर्च्या. दोन तास मांडी घालणं प्रत्येकाच्या गुडघ्यांना झेपत नाही, आणि दुखणारा माणूस विचार करत नाही, वेळ मोजतो.
- जमिनीपासून उंच झोपण्याची सोय आणि मच्छरदाण्या. कारण सुरक्षेच्या भागात सांगितलं आहे.
- त्याच दिवशी मालकाने दुसरा गट घेतला आहे का? वाढदिवसाची पार्टी शेजारी असली की शिबिर संपलं.
- मोबाइलला रेंज नेमकी कुठे मिळते ती जागा.

भाडं, जेवण आणि आगाऊ रक्कम हे सगळं एका कागदावर किंवा निदान संदेशात लिहून घ्या. रद्द केल्यास किती परत मिळणार, हेही त्यातच. वर्गणी ठरवताना एकूण खर्च बाराने न भागता दहाने भागा, कारण एक-दोघे आयत्या वेळी गळतात. उरलेली रक्कम शेवटी हिशोबासह परत द्या.

पुण्याहून लोणावळा लोकलने कामशेतला उतरायचं. मुंबईकडून येणाऱ्यांनी लोणावळ्याला उतरून पुण्याकडे जाणारी लोकल पकडावी. मळवलीनंतरचं स्थानक कामशेत. दुपारच्या वेळात या लोकलमध्ये मोठं अंतर असतं, म्हणून रविवारची परतीची गाडी आधीच पाहून जेवणाची वेळ ठरवा. कामशेतहून पुढे एक जीप सांगून ठेवा. स्वतःच्या गाड्या आणल्या तर शुक्रवारी संध्याकाळी द्रुतगती मार्गावर आणि लोणावळ्यात अडकायची तयारी ठेवा.

4. सोबतीला एक छोटा मजकूर

चर्चेच्या सत्रांमध्ये ग्रंथ मध्ये आणायचा नाही. पण शनिवारी दुपारी तासाभरासाठी एक मूळ मजकूर मोठ्याने वाचावा. तोवर गटाने स्वतःचा विचार केलेला असतो, त्यामुळे वाचलेलं आत जातं. हाच मजकूर सकाळी वाचला तर लोक दिवसभर त्याचीच री ओढतात. क्रम बदलू नका.

मजकूर तीन छापील पानांपेक्षा मोठा नको. काही जोड्या:

‘दिलेला शब्द’ या प्रश्नासोबत प्लेटोच्या ‘क्रिटो’ या संवादाचा शेवटचा भाग घ्यावा. तुरुंगातून पळून जाण्याची सोय झालेली असताना सॉक्रेटिस ती नाकारतो आणि अथेन्सचे कायदेच आपल्याशी बोलत आहेत अशी कल्पना करून युक्तिवाद मांडतो. बेंजामिन जोवेटचा एकोणिसाव्या शतकातला इंग्रजी अनुवाद स्वामित्वहक्कातून मुक्त आहे, त्यावरून गटातल्या कुणी तरी तीन पानं मराठीत करून आणावीत.

‘पुरेसं म्हणजे किती?’ यासाठी ईशोपनिषद. त्याचे मंत्र अवघे अठरा, आणि पहिलाच मंत्र भोग, त्याग आणि दुसऱ्याच्या धनाविषयी आहे. तेवढा एक मंत्र तासाला पुरतो.

‘दहा वर्षांपूर्वीचा मी’ यासाठी मिलिंदपञ्ह या पाली बौद्ध ग्रंथातला रथाचा संवाद. राजा मिलिंद म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा मिनँडर. भिक्खू नागसेन त्याला विचारतो की चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, मग रथ नेमका कुठे आहे? मावळात हा मजकूर वाचण्याला वेगळा अर्थ आहे. जवळच कार्ल्याच्या लेण्यांत चैत्यगृहातल्या, म्हणजे बौद्धांच्या प्रार्थनागृहातल्या, खांबांवर धेनुकाकट गावच्या यवन (म्हणजे ग्रीक) दात्यांची नावं कोरलेली आहेत. ग्रीक आणि बौद्ध यांची गाठ इथल्या दगडात प्रत्यक्ष दिसते.

पारिभाषिक शब्दांवर अडलात तर दे. द. वाडेकर यांनी संपादित केलेला मराठी तत्त्वज्ञान-महाकोश मोठ्या ग्रंथालयात मिळतो. लागणाऱ्या दोन-तीन नोंदी टिपून न्या, खंड सोबत नेऊ नका.

5. कागदपत्रं आणि सामान

कागदपत्रं:

- प्रत्येकाच्या ओळखपत्राची प्रत. मुक्कामाच्या नोंदवहीसाठी मालक मागतोच.
- परदेशी नागरिक असेल तर पासपोर्ट व व्हिसाची प्रत. यजमानाला परदेशी पाहुण्याच्या नोंदीचा फॉर्म सी चोवीस तासांच्या आत भरावा लागतो. त्याला हे माहीत आहे ना, ते आधी विचारा.
- प्रत्येकाकडून एक पान: घरच्यांचा दूरध्वनी, रक्तगट, चालू औषधं, मधुमेह, रक्तदाब, फिट, दमा, कशाची अॅलर्जी. हे फक्त व्यवस्थापकाकडे राहील असं लिहून द्या आणि शिबिरानंतर फाडून टाका.
- आरक्षणाची पावती.
- मजकुराच्या पंधरा प्रती, मोठ्या अक्षरात, रुंद समास सोडून.

सामान: चार्ट पेपर 25, जाड मार्कर 6 (काळे जास्त, लाल रंग संध्याकाळच्या उजेडात वाचता येत नाही), कागदी चिकटपट्टी 2, वह्या 14, छोटी घंटा, भिंतीवरचं घड्याळ, चार्ज होणारे दोन दिवे. शनिवारी रात्री वीज गेली तर ही यादी किती उपयोगाची ते कळतं.

प्रत्येकाने आणायचं: बंद बूट, टॉर्च, शाल किंवा स्वेटर, पाण्याची बाटली, रोजची औषधं तीन दिवसांची. अत्तर आणि सुगंधी फवारे घरीच ठेवावेत, मधमाश्यांमुळे.

6. वेळापत्रक

शुक्रवार: 7:30 पर्यंत आगमन, 8 जेवण, 9 ते 10 ओळख आणि प्रश्नाची मांडणी. ओळख म्हणजे नाव आणि ‘या प्रश्नाशी माझा संबंध’ एवढंच. पद आणि पदव्या नकोत. झोपण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःचा एक प्रसंग पाच-सहा ओळींत लिहायचा.

शनिवार: 6:30 चहा, 7 ते 8 मौनात चालणं, 8:15 न्याहारी, 9 ते 10:45 पहिलं सत्र, 11:15 ते 12:45 दुसरं सत्र, 1 जेवण, 3:15 पर्यंत विश्रांती, 3:15 ते 4:15 वाचन, चहा, 4:45 ते 6:15 जोडीने चालणं, 6:45 ते 7:30 चर्चेविषयीची चर्चा, 8 जेवण. त्यानंतर काहीही नाही. रात्रीचा वेळ भरायचा मोह टाळा.

रविवार: 6:30 चहा, मग बेडसे लेणी किंवा मौनात चालणं, 10 ते 12:15 तिसरं सत्र, 12:15 ते 12:45 प्रत्येकाचं लेखन, 1 जेवण, 2:30 प्रस्थान.

दुपारची विश्रांती कापून सत्र घालू नका. शनिवारी दुपारी दोन वाजता घेतलेलं सत्र म्हणजे डुलक्या.

7. सत्र कसं चालवायचं

इथे दिलेली पद्धत जर्मन तत्त्वज्ञ लेओनार्ड नेल्सन (1882–1927) यांनी गॉटिंगेनमध्ये घडवली आणि त्यांचे विद्यार्थी गुस्ताव हेकमान यांनी पुढे नेली. तिला सॉक्रेटिक संवाद म्हणतात. तिचं बळ असं की ती नवख्या गटालाही जमते, अट एवढीच की संचालकाने नियम पाळायला हवेत.

*पहिला टप्पा: प्रसंग निवडणं.* रात्री लिहिलेले प्रसंग एकेकाने दोन मिनिटांत सांगायचे. त्यातून एक निवडायचा. प्रसंग सांगणाऱ्याच्या स्वतःच्या आयुष्यातला हवा, घडून संपलेला हवा, साधा हवा, आणि सांगणारा त्यात अजून अडकलेला नसावा. चालू घटस्फोट, कोर्टात असलेली वाटणी, मागच्या महिन्यातला मृत्यू, असे प्रसंग घेऊ नका. ते सांगताना माणूस मोडू शकतो आणि गट विचार करायचं सोडून सांत्वन करू लागतो.

*दुसरा टप्पा: प्रसंग नीट उलगडणं.* समजा प्रश्न शब्द मोडण्याचा आहे आणि प्रसंग असा: मित्राने आपल्या आजाराबद्दल घरी सांगू नकोस म्हणून शब्द घेतला, पण पुढे सहभागीने ते मित्राच्या बायकोला सांगितलं. आता घाईने निकाल न देता विचारा. नेमके काय शब्द दिले होते? कोणत्या क्षणी मोडायचं ठरलं? मित्राला आधी विचारलं होतं का? सांगताना मनात काय होतं? सगळी उत्तरं चार्टवर, सांगणाऱ्याच्याच शब्दांत लिहा. संचालकाने वाक्य ‘सुधारून’ लिहिलं की विचार संचालकाचा होतो.

*तिसरा टप्पा: गाभ्याचं वाक्य.* सांगणाऱ्याने एका वाक्यात म्हणायचं: ‘मी शब्द मोडला ते योग्य होतं, कारण तो पाळला असता तर ज्याला दिला त्याचंच नुकसान होत होतं.’ हे वाक्य मोठ्या अक्षरात भिंतीवर लावा. पुढचं सगळं याच वाक्यावर.

*चौथा टप्पा: वाक्याच्या मुळाशी जाणं.* हे वाक्य खरं मानायचं तर आणखी काय मानावं लागतं? दुसऱ्याचं नुकसान कशात आहे हे आपल्याला कळतं, असं मानावं लागतं. त्याचं हित त्याच्या इच्छेपेक्षा वर, असंही मानावं लागतं. मग कुणी तरी म्हणेल की शब्द ज्याला दिला त्याच्या मालकीचा असतो, त्यातून सोडवण्याचा हक्क त्याचाच. ही दोन म्हणणी एकत्र नांदू शकत नाहीत, हे गटाला स्वतःहून दिसलं की शिबिर खऱ्या अर्थाने सुरू झालं. हे बहुधा शनिवारी साडेबाराच्या सुमारास घडतं. तेव्हा सत्र लांबवू नका, जेवायला उठा. प्रश्न उघडा ठेवून उठलेला गट संध्याकाळच्या चालण्यात खूप पुढे जातो.

*पाचवा टप्पा* रविवारचा: भिंतीवरच्या वाक्यांतून सगळ्यांना मान्य होईल असं एक तरी तत्त्व मांडता येतं का, आणि ते बाजूला ठेवलेल्या इतर प्रसंगांना लागू पडतं का, हे तपासणं. एकमत झालं नाही तर मतभेद नेमका कुठे आहे ते एका वाक्यात लिहा. तेही चांगलं फळ आहे.

संचालकाचे नियम:

- स्वतःचं मत सांगायचं नाही. जेवतानाही नाही. एकदा ते कळलं की निम्मा गट त्या बाजूला झुकतो.
- प्रश्न विचारल्यावर अर्धा मिनिट गप्प बसायचं. मनात तीसपर्यंत मोजा. पहिल्या दहा सेकंदांत येणारं उत्तर बहुधा पाठ असतं.
- दर काही वेळाने एखाद्याला विचारायचं, ‘आत्ता शेजारच्या ताई काय म्हणाल्या ते तुमच्या शब्दांत सांगा.’ मग ताईंना विचारायचं, ‘बरोबर सांगितलं का?’
- विरोध करायचा असेल तर आधी समोरच्याचा पूर्वपक्ष, म्हणजे त्याचं म्हणणं, त्याला पटेल असा मांडायचा, मग आपलं म्हणणं. ही आपल्याकडची जुनी शिस्त आहे आणि दोन दिवसांत सर्वांत जास्त उपयोगी तीच पडते.

सहभागींसाठी दोनच नियम. एक, सत्रात कुणाचाही दाखला द्यायचा नाही. ‘तुकोबा म्हणतात’ किंवा ‘कांट म्हणतो’ असं आलं की चर्चा थांबते, कारण तुकोबांना कोण खोडणार? तो विचार स्वतःचा म्हणून मांडा आणि त्याची कारणं द्या. दोन, ‘सर’, ‘मॅडम’, ‘गुरुजी’ बाहेर ठेवायचं. नावापुढे ताई, दादा, काका चालेल. निवृत्त प्राध्यापकांना सगळे ‘सर’ म्हणत राहिले तर त्यांचं प्रत्येक वाक्य निकाल ठरतं आणि दोष त्यांचा नसतो.

न्यायसूत्रं या भारतीय तर्कशास्त्राच्या प्राचीन ग्रंथाने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: सत्य शोधण्यासाठी चालतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता फक्त समोरच्याला पाडणं म्हणजे वितंडा. हे तीन शब्द चार्टवर लिहून भिंतीला लावा. कुणाचा आवाज चढला की संचालकाने नुसतं त्या कागदाकडे पाहिलं तरी पुरतं.

शनिवारी संध्याकाळची ‘चर्चेविषयीची चर्चा’ गाळू नका. तिथे मूळ प्रश्नावर बोलायचं नाही, दिवस कसा गेला यावर बोलायचं: कुणाला बोलायला जागा मिळाली नाही, कुठे घाई झाली, कोण दुखावलं. या पाऊण तासात मनातली जळमटं निघाली नाहीत तर ती रविवारच्या युक्तिवादांत उतरतात.

8. चालणं, मौन आणि लेणी

सकाळचं मौन एक तासाचं ठेवा, दिवसभराचं नको. एकामागून एक चालायचं, मधे दहा पावलांचं अंतर, पुढे वाट माहीत असलेला माणूस, शेवटी व्यवस्थापक. छायाचित्रं नाहीत.

संध्याकाळच्या जोड्या संचालकाने पाडाव्यात. नवरा-बायको आणि जुने मित्र वेगळे करावेत. पंचेचाळीस मिनिटं एकाने बोलायचं, दुसऱ्याने फक्त प्रश्न विचारायचे, परतताना उलट. सपाट, रुंद वाट निवडा. चढावर धाप लागते आणि बोलणं तुटतं. याच कारणासाठी लोहगड, तिकोना, तुंग हे बेतातून काढा. किल्ला बघायला वेगळे या.

बेडशाची लेणी मात्र घ्या. इथलं चैत्यगृह पूर्वाभिमुख असल्याने सकाळचा उजेड थेट येतो. शेजारचा विहार चापाकार आहे, मागची बाजू अर्धगोल, कडेने भिक्खूंच्या खोल्या. विहारांमध्ये ही घडण विरळा. एकेका खोलीच्या दाराशी उभं राहून पाहिलं की एकांत आणि सोबत यांचा मेळ त्या लोकांनी कसा घातला ते समजतं. चैत्यगृहात चर्चा करायला जाऊ नका, आवाज घुमतो आणि एक शब्द धड कळत नाही. उघडण्याची वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवा. हे संरक्षित स्मारक आहे: मुक्काम, खाणं, उदबत्ती, वाद्य काही नाही.

मोबाइल जप्त करू नका, मोठ्या माणसांना ते अपमानाचं वाटतं. एक टोपली ठेवा, दुपारच्या जेवणानंतर अर्धा तास फोन पाहायची मुभा द्या आणि सगळ्यांच्या घरी व्यवस्थापकाचा क्रमांक आधीच कळवा. घरचे निश्चिंत असले की माणूसही निश्चिंत होतो.

9. जेवण

स्वयंपाक गावातल्या बचत गटाकडे द्या. पदार्थ साधे: पिठलं, तांदळाची भाकरी, आमटी, इंद्रायणी तांदळाचा भात, एक भाजी, ताक. हा तांदूळ मावळचाच आहे, त्याची चव इथे खावी. शनिवारी दुपारी मटण किंवा पुरणपोळी सांगू नका, संध्याकाळपर्यंत कुणी हलणार नाही.

चौदा जणांसाठी अंदाज: एका न्याहारीला पोहे 1 किलो, भाकरीसोबतच्या भाताला तांदूळ एक ते सव्वा किलो, प्रत्येकी दोन भाकऱ्यांना पीठ सव्वादोन किलो, चहाला दिवसाचं दूध साडेतीन लिटर. पिण्याचं पाणी माणशी दिवसाला 4 लिटर धरून दोन दिवसांचे 20 लिटरचे सहा जार. विहिरीचं पाणी चांगलं असलं तरी शहरातल्या पोटांना ते उकळूनच द्या. उपवास, जैन जेवण, मधुमेह यांची यादी स्वयंपाक करणाऱ्या ताईंना गुरुवारीच पाठवा.

10. सुरक्षा

मण्यार हा साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावल्याचं अनेकदा कळतही नाही. म्हणून खाटा, आणि गादीखाली खोचलेल्या मच्छरदाण्या. रात्री टॉर्चशिवाय अंगणातही जायचं नाही, सकाळी बूट झटकून घालायचे. दंश झालाच तर आवळून बांधू नका, चिरू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. हात किंवा पाय न हलवता धरून ठेवा, 108 ला फोन करा आणि थेट रुग्णालय गाठा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं, त्यामुळे साप पकडण्यात वेळ घालवू नका. कामशेत-तळेगाव बाजूच्या कोणत्या रुग्णालयात प्रतिविष उपलब्ध आहे ते आधी फोन करून विचारा आणि क्रमांक भिंतीवर लावा.

लेण्यांच्या कड्यांना आग्या मोहोळं असतात. धूर, अत्तर, आरडाओरडा टाळा. माश्या उठल्या तर हात न झटकता तोंड झाकून दूर पळा.

धरणात पोहणं पूर्ण बंद. पवनेचा काठ गाळाचा आहे, पाऊल रुततं आणि खोली अचानक वाढते.

मौन आणि आत्मपरीक्षण प्रत्येकाला सोसतंच असं नाही. कुणी खूप रडू लागलं, झोपलं नाही, भयभीत दिसलं, तर त्याला सत्रात बसवू नका. व्यवस्थापकाने सोबत बसावं, घरी कळवावं. टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी दूरध्वनी सेवा 14416 वर चोवीस तास मिळते. संचालक समुपदेशक नाही, आणि त्याने तसा आव आणू नये.

11. परतल्यावर

निघण्यापूर्वी सगळ्या चार्टचे क्रमाने फोटो घ्या, मगच ते भिंतीवरून काढा. रविवारच्या अर्ध्या तासात प्रत्येकाने लिहिलेली दोन उत्तरं गोळा करा: शुक्रवारी मला काय वाटत होतं, आणि आज काय वाटतं. बुधवारपर्यंत फोटो, हे लेखन आणि खर्चाचा हिशोब सगळ्यांना पाठवा. प्रसंग सांगणाऱ्याची परवानगी घेतल्याशिवाय त्याचा प्रसंग गटाबाहेर जाऊ देऊ नका.

व्हॉट्सअॅप गटावर चर्चा पुढे चालवायचा मोह होईल. तिथे तीस सेकंद थांबणं नसतं आणि पूर्वपक्ष कुणी मांडत नाही. दोन दिवसांत जमलेलं तासाभरात विस्कटतं. तो गट फक्त निरोपांपुरता ठेवा, आणि महिन्याभराने कुणाच्या तरी घरी दोन तासांची बैठक घ्या. मतभेदाचं जे वाक्य चार्टवर लिहून ठेवलं होतं, त्याच्यापासून सुरुवात करा.